रंग उडाला म्हणजे पाणी शुद्ध झाले का?

निळ्या रंगाचे पाणी घ्यायचे, त्यात चिमूटभर पूड टाकायची आणि भांडे उजेडात ठेवायचे. तास-दोन तासांत पाणी नितळ दिसू लागते. ही किमया 'साच्याच्या पद्धतीने बनवलेल्या सच्छिद्र नॅनो पदार्थाने, केवळ दृश्य प्रकाशाच्या मदतीने' केली, असे मग सांगितले जाते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या विषयावर जगभर शोधनिबंधांचा पूर आला आहे. त्यांच्या बातम्या होतात, महाविद्यालयांत त्यावर प्रकल्प होतात आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातही अशी पूड कधी तरी आपल्यासमोर येणारच. तेव्हा हा दावा कसा तपासायचा, हे आपण शिक्षकांनी आधीच समजून घेतलेले बरे.

प्रश्न केवळ प्रदर्शनातल्या बक्षिसाचा नाही. इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगाचे सांडपाणी आणि पंचगंगेचे प्रदूषण हा कित्येक वर्षांचा वाद आहे. इकडे पुण्यात विश्रांतवाडी आणि कळसच्या कडेने वाहणारी मुळा उन्हाळ्यात पुष्कळदा जलपर्णीखाली दिसेनाशी होते. अशा नदीकाठच्या शाळेतला एखादा विद्यार्थी 'ती पूड आपल्या नदीत टाकली तर?' असे विचारील, आणि ते स्वाभाविक आहे. त्याला उत्तर देण्यासाठी या संशोधनाचे खरे बळ कोठे आहे आणि त्याची मांडणी कोठे लंगडी पडते, हे दोन्ही पाहावे लागेल.

साचा म्हणजे काय?

वीटभट्टीवाले मातीत भाताचे तूस मिसळतात. वीट भाजली की तूस जळून जाते आणि त्याच्या जागी पोकळी राहते. साच्याच्या पद्धतीचे तत्त्व हेच आहे. एखाद्या पदार्थाभोवती दुसरा पदार्थ घट्ट होऊ द्यायचा आणि मग पहिला पदार्थ जाळून किंवा विरघळवून काढून टाकायचा. फरक आहे तो आकाराचा. तुसाचे छिद्र डोळ्यांना दिसते. येथे छिद्रे काही नॅनोमीटर रुंद असतात, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

इतका बारीक साचा आणायचा कोठून? साबणासारख्या रेणूंना एक पाण्याकडे ओढणारे टोक असते आणि एक पाण्यापासून पळणारे. पाण्यात त्यांची संख्या पुरेशी झाली की ते आपोआप एकत्र येऊन गोळ्या किंवा कांड्या बनवतात. १९९२ मध्ये अमेरिकेतील मोबिल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी अशा कांड्यांभोवती सिलिका जमवली आणि मग कांड्या जाळून टाकल्या. मधमाशांच्या पोळ्यासारखी ओळीने छिद्रे असलेला एमसीएम-४१ हा पदार्थ मिळाला. १९९५ मध्ये अँटोनेली आणि यिंग यांनी अशाच मार्गाने सच्छिद्र टायटॅनियम डायॉक्साइड बनवला. पुढे प्लॅस्टिकच्या सूक्ष्म गोळ्या, सिलिकाचे कण, अंड्याच्या कवचाखालचा पापुद्रा, फुलपाखराचे पंख, झाडांची पाने असे नाना साचे वापरून झाले.

हे काम देखणे आहे यात शंका नाही. सूक्ष्मदर्शकातून घेतलेली त्याची छायाचित्रे पाहून कोणीही हरखून जाईल. परंतु छायाचित्र सुंदर आहे म्हणून पदार्थ कामाचा ठरत नाही, आणि आपली समीक्षा येथून सुरू होते.

प्रकाशाचे काम

टायटॅनियम डायॉक्साइडवर योग्य प्रकाश पडला की त्यातला एखादा इलेक्ट्रॉन ऊर्जा घेऊन वरच्या पट्ट्यात उडी मारतो आणि मागे रिकामी जागा सोडतो. त्या जागेला धनभारित विवर म्हणतात. इलेक्ट्रॉन आणि विवर पृष्ठभागापर्यंत पोहोचले तर तेथे पाणी, प्राणवायू किंवा सेंद्रिय मळ यांच्याशी रासायनिक क्रिया घडवतात. वाटेतच एकमेकांना भेटले तर ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी या पदार्थाच्या विद्युतअग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन दाखवले आणि या विषयाकडे जगाचे लक्ष गेले.

अडचण प्रकाशाचीच आहे. या उडीला सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. १२४० या संख्येला या ऊर्जेने भागले की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. येथे उत्तर येते सुमारे ३८७. म्हणजे अतिनील किरणच चालतात, आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा जेमतेम ४-५ टक्के असतो. दृश्य प्रकाशाचा वाटा याच्या कितीतरी पट आहे. म्हणून दृश्य प्रकाशावर चालणारा उत्प्रेरक शोधण्याची धडपड सुरू झाली. २००१ मध्ये आसाही आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियम डायॉक्साइडमध्ये नायट्रोजन मिसळून दृश्य प्रकाशातली क्रिया दाखवली, आणि 'सच्छिद्रही हवे, दृश्य प्रकाशावर चालणारेही हवे' अशी दुहेरी मागणी रूढ झाली.

पहिला आक्षेप: रंग कोणी घालवला?

अशा पदार्थांची चाचणी बहुधा मिथिलीन ब्लूसारख्या रंगावर घेतात. ती स्वस्त आहे, सोपी आहे आणि निकाल डोळ्यांना दिसतो. तिचा दोषही यातच आहे. पाण्याचा निळा रंग जाण्याची निदान चार कारणे संभवतात आणि त्यांपैकी एकच आपल्याला हवे असलेले आहे.

एक, पुडीने प्रकाश घेतला आणि रंगाचा रेणू मोडला. हे खरे प्रकाश-उत्प्रेरण.

दोन, रंगाचे रेणू पुडीच्या छिद्रांत जाऊन चिकटले. याला अधिशोषण म्हणतात. कोळशाची पूडही हे काम अंधारात करते. पदार्थ जितका सच्छिद्र तितका हा परिणाम मोठा, म्हणजे ज्या गुणाचे कौतुक करायचे तोच गुण चाचणीला फसवतो.

तीन, प्रकाश पुडीने घेतलाच नाही, रंगाने घेतला. मिथिलीन ब्लू तांबड्या प्रकाशाचे, ६६४ नॅनोमीटरच्या आसपास, जोरदार शोषण करते. म्हणून तर ते निळे दिसते. प्रकाशाने उत्तेजित झालेला रंगाचा रेणू आपला इलेक्ट्रॉन पुडीला देतो आणि त्या नादात स्वतः मोडतो. अशा वेळी पूड दृश्य प्रकाशावर चालते हा निष्कर्षच चुकीचा ठरतो. पाण्यातला मळ रंगहीन असेल तर तीच पूड त्याच प्रकाशात काहीच करणार नाही.

चार, रंगाचा रेणू मोडलाच नाही, त्याचे रंगहीन रूप झाले. उच्च माध्यमिक वर्गात 'निळी बाटली' हा प्रयोग अनेकांनी केला असेल. ग्लुकोज आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मिथिलीन ब्लू टाकले की निळा रंग थोड्या वेळाने जातो आणि बाटली हलवली की हवेतल्या प्राणवायूमुळे परत येतो. रंग गेला होता, रेणू तेथेच होता.

ही शंका नवी नाही. जपानच्या होक्काइडो विद्यापीठातील बुन्शो ओतानी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक निबंध लिहिला. दृश्य प्रकाशाच्या चाचणीसाठी मिथिलीन ब्लू योग्य आहे का, असा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला होता. वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश एकेक करून टाकायचा आणि प्रत्येक वेळी क्रियेचा वेग मोजायचा, ही त्यांची रीत. ज्या प्रकाशाचे शोषण रंग करतो त्याच प्रकाशात क्रिया वेगाने होत असेल तर श्रेय पुडीला देता येत नाही. २०१० साली मिथिलीन ब्लूवर आधारित आंतरराष्ट्रीय मानक चाचणी आली, तीही अतिनील प्रकाशासाठीच आहे. एवढे होऊनही दृश्य प्रकाशाच्या दाव्यांसाठी हा रंग वापरणे थांबलेले नाही.

इचलकरंजीसारख्या गावाच्या दृष्टीने हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. कापडाच्या रंगांपैकी पुष्कळसे अझो वर्गातले असतात. त्यांतले काही अर्धवट तुटले तर विषारी ॲरोमॅटिक अमाइन तयार होऊ शकतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून पाण्यात एकूण सेंद्रिय कार्बन किती उरला, कार्बन डायॉक्साइड किती बाहेर पडला, हे मोजल्याशिवाय 'शुद्धीकरण' हा शब्द वापरू नये.

दुसरा आक्षेप: पृष्ठभागाचा हिशेब

सच्छिद्र पदार्थाचा पृष्ठभाग प्रचंड असतो. एमसीएम-४१ च्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग १००० चौरस मीटरपर्यंत भरतो. कबड्डीचे १३ मीटर लांब व १० मीटर रुंद मैदान १३० चौरस मीटरचे असते, म्हणजे ग्रॅमभर पुडीत सात-आठ मैदाने मावली. वर्गात सांगायला हे उदाहरण उत्तम आहे. मात्र पृष्ठभाग जितका जास्त तितका प्रकाश-उत्प्रेरक चांगला, हे गृहीत धरता येत नाही.

या क्षेत्रात तुलनेसाठी सर्वत्र वापरली जाणारी पूड म्हणजे पी-२५ नावाचा टायटॅनियम डायॉक्साइड. तो ज्वालेत बनवतात. त्यासाठी साचा लागत नाही, त्यात मुद्दाम केलेली छिद्रे नाहीत आणि पृष्ठभाग ग्रॅमला अवघा ५० चौरस मीटरच्या आसपास. तरीही अतिनील प्रकाशात भल्याभल्या सच्छिद्र पदार्थांना त्याच्यापुढे टिकणे जड जाते.

याचे कारण स्फटिकात आहे. इलेक्ट्रॉन आणि विवर यांना पृष्ठभागापर्यंत सुखरूप जायचे तर वाट नीट रचलेली, म्हणजे स्फटिकमय हवी. साच्याभोवती जमलेल्या पदार्थाच्या भिंती सुरुवातीला विस्कळीत असतात. त्या विस्कळीत भागांत इलेक्ट्रॉन आणि विवर एकमेकांना गाठून नष्ट होतात. भिंती स्फटिकमय करण्यासाठी तापमान वाढवावे, तर स्फटिक मोठे होतात आणि छिद्रे ढासळतात. छिद्रे टिकवावीत तर स्फटिक कच्चे राहतात. चांगला शोधनिबंध या पेचाशी झुंजतो. साधारण निबंध पृष्ठभागाचा आकडा देतो आणि पुढे जातो.

शिवाय साचा पूर्ण जळला नाही तर थोडा कार्बन मागे राहतो. त्याने पूड पिवळसर किंवा तपकिरी होते आणि दृश्य प्रकाश शोषते. पण काळा तवाही दृश्य प्रकाश शोषतो, म्हणून तो उत्प्रेरक होत नाही. शोषलेल्या प्रकाशाने रासायनिक काम झाले का, हे वेगळे दाखवावे लागते.

तिसरा आक्षेप: साच्याचे काय झाले?

एसबीए-१५ या प्रसिद्ध सच्छिद्र सिलिकाची १९९८ ची मूळ कृती पाहा. साच्यासाठी ४ ग्रॅम बहुवारिक आणि सिलिकासाठी साडेआठ ग्रॅम टेट्राइथॉक्सिसिलेन घेतात. रेणुभारावरून हिशेब केला तर या साडेआठ ग्रॅमपासून फार तर अडीच ग्रॅम सिलिका मिळते. अडीच ग्रॅम मालासाठी चार ग्रॅम साचा जाळून टाकायचा. अनेक प्रकाश-उत्प्रेरकांच्या बाबतीत गोष्ट येथेही संपत नाही. त्या सिलिकेलाच साचा करून तिच्या छिद्रांत दुसरा पदार्थ भरतात आणि मग सिलिका विरघळवतात. त्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याच्या जातीची फ्लोराइडे लागतात, आणि ती अत्यंत घातक आहेत.

पाणी स्वच्छ करणारा पदार्थ बनवताना किती पाणी घाण झाले, हा हिशेब निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदातही क्वचितच सापडतो. प्रयोगशाळेत ग्रॅमभर पूड करताना तो नजरेआड करता येतो. रोज लाखो लिटर सांडपाणी सोडणाऱ्या गावासाठी तो पहिल्या पानावर हवा.

पुण्यातले दोन दाखले

एवढे आक्षेप वाचून सच्छिद्र पदार्थांचे सगळे संशोधन फोल आहे असे कोणी समजू नये. साच्याच्या पद्धतीचे मोठे यश पुण्यातच घडले आहे. विश्रांतवाडीहून शहराच्या दुसऱ्या टोकाला, पाषाण रस्त्यावर, १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तेथे पॉल रत्नसामी आणि सहकाऱ्यांनी झिओलाइट या सच्छिद्र उत्प्रेरकांवर काम केले. १९८० च्या दशकात त्यांचा 'एन्सिलाइट' हा उत्प्रेरक बडोद्याच्या आयपीसीएल कारखान्यात झायलिन बनवण्याच्या प्रक्रियेत वापरात आला. हा झेडएसएम-५ जातीचा झिओलाइट. या जातीचे झिओलाइट बनवण्यासाठीही कार्बनी अमोनियम क्षाराचे रेणू साचा म्हणून वापरतात.

येथे साच्याचा खर्च परवडला, कारण छिद्राला नेमके काम होते. अर्ध्या नॅनोमीटरहून किंचित रुंद अशा त्या छिद्रातून सडपातळ पॅरा-झायलिन सहज बाहेर पडते, त्याची रुंद भावंडे अडखळतात. पॅरा-झायलिनपासून पुढे पॉलिएस्टर होते. छिद्र येथे गाळणीचे काम करते, नुसता पृष्ठभाग वाढवत नाही. तो उत्प्रेरक दीर्घकाळ वापरता येतो आणि निकाल रंगावर ठरत नाही, मालावर ठरतो.

दुसरा दाखला थेट दृश्य प्रकाशाचा आहे. पाषाणलाच सी-मेट ही इलेक्ट्रॉनिकीसाठी लागणाऱ्या पदार्थांवर काम करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तेथील डॉ. भारत काळे आणि त्यांचे कोरियातील सहकारी यांनी २००६ मध्ये कॅडमियम इंडियम सल्फाइडच्या नॅनोनलिका आणि झेंडूच्या फुलासारख्या रचना प्रसिद्ध केल्या. निबंधाच्या शीर्षकातही 'झेंडू' आहे. पाण्यात क्रिया केली की झेंडू आणि मिथेनॉलमध्ये केली की नलिका, असा तो प्रकार. दृश्य प्रकाशात हायड्रोजन सल्फाइडपासून हायड्रोजन मिळवणे हा उद्देश होता. येथे मोजमाप हायड्रोजन वायूचे आहे. रंग छिद्रात लपू शकतो, पण छिद्रात लपून हायड्रोजन तयार होत नाही. चाचणी म्हणून ही कितीतरी चोख आहे.

तरीही प्रश्न विचारायला हवेतच. कॅडमियम विषारी आहे. कॅडमियम असलेली सल्फाइडे प्रकाशात स्वतःच झिजण्याचा धोका असतो. त्यामुळे बंद संयंत्रातल्या वायूसाठी हा मार्ग विचारात घेता येईल, नदीच्या पाण्यासाठी नाही. कोठे वापरायचे हे ठरवल्याशिवाय पदार्थ चांगला की वाईट हे सांगता येत नाही.

छिद्रांनी प्रकाश-उत्प्रेरणात खरोखर मदत केल्याचाही पुरावा आहे. २००९ मध्ये जर्मनीतील अँटोनिएटी आणि जपानमधील डोमेन यांच्या गटांनी धातूविरहित कार्बन नायट्राइड दृश्य प्रकाशात पाण्यापासून हायड्रोजन देतो असे दाखवले. सिलिकाच्या कणांचा साचा वापरून त्यात योग्य प्रकारची छिद्रे केल्यावर उत्पादन सुमारे दहापट झाले. मात्र त्यासाठी प्लॅटिनम लागले आणि विवरांना गुंतवून ठेवण्यासाठी एक सेंद्रिय पदार्थ खर्ची घालावा लागला. हा निबंध चांगला आहे, कारण छिद्रे नसलेल्या त्याच पदार्थाशी तुलना करून छिद्रांचे श्रेय वेगळे काढून दाखवले आहे.

वर्गात काय करता येईल?

मासे विकणाऱ्या दुकानात मिथिलीन ब्लू मिळते. ते पाण्यात टाकून फिकट निळे द्रावण करा आणि सारख्या आकाराच्या सहा काचेच्या बाटल्यांत सारखे भरा. दोन बाटल्यांत नुसते द्रावण, दोनांत थोडा झिंक ऑक्साइड, दोनांत तेवढीच लाकडी कोळशाची बारीक पूड. प्रत्येक जोडीतली एक बाटली काळ्या कागदात गुंडाळून सगळ्या बाटल्या गच्चीवर उन्हात ठेवा. दर अर्ध्या तासाने हलवा, गाळ खाली बसू द्या आणि वरच्या पाण्याचा रंग पाहून नोंदवा. पूड नाकात जाणार नाही, पाणी कोणी तोंडात घेणार नाही आणि रंग हाता-कपड्यांना लागणार नाही, एवढी काळजी घ्यावी.

झाकलेल्या बाटलीत रंग गेला तर श्रेय कोणाचे? पूड नसलेल्या, उन्हातल्या बाटलीत रंग फिका झाला तर? मुलांनी ही उत्तरे स्वतः काढावीत. हा प्रयोग दृश्य प्रकाशाचा नाही, हेही त्यांना सांगायला हवे. साधी काच सगळे अतिनील किरण अडवत नाही. म्हणून प्रयोगशाळेत ४२० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश अडवणारी गाळणी दिव्यापुढे लावतात.

प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसण्याची वेळ आली तर पाच प्रश्न जवळ ठेवावेत. अंधारात काय झाले? पूड नसताना काय झाले? रंगहीन पदार्थावर पाहिले का? तीच पूड दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा चालली का? आणि रंग गेल्यावर पाण्यात काय उरले? 'हे पाहिले नाही' असे प्रामाणिक उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला नाउमेद करू नये, त्याला पुढच्या वर्षीचा प्रकल्प मिळाला असे समजावे.

आता त्या नदीच्या प्रश्नाचे उत्तर. मुळेचे पाणी गढूळ असते आणि वर जलपर्णी पसरलेली असते, त्यामुळे प्रकाश वरच्या थरातच अडतो. टाकलेली पूड वाहून जाते किंवा तळाशी बसते, आणि ती परत गोळा करणे अशक्य. मैलापाण्यातले सेंद्रिय द्रव्य इतके असते की तेथे जिवाणूंवर चालणारे शुद्धीकरण केंद्रच हवे, आणि पाणी नदीत पडण्याआधी हवे. प्रकाश-उत्प्रेरकाला काम मिळेल ते त्याच्यापुढच्या टप्प्यावर, जेथे पाणी नितळ आहे पण जिवाणूंना न पचणारे काही थोडे उरले आहे. त्या जागी चांगली सच्छिद्र पूड उपयोगी पडू शकेल, आणि तिची परीक्षा तेथल्याच पाण्यावर झाली पाहिजे.